‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’

विंडोज १० ला मिळणारे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार, हे आमच्या आयटी विभागात सगळ्यांना केव्हापासून ठाऊक होतं. त्यानंतर काय करायचं हे ठरवायला एकच माहिती हवी होती: आपल्याकडचे कोणते डेस्कटॉप विंडोज ११ पेलतील आणि कोणते बदलावे लागतील. ती माहिती देण्याचं काम माझ्याकडे आलं. माझ्या हाताशी एक एक्सेल फाइल होती, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी भरलेली. तिच्या ‘रॅम’ या रकान्यात कुठे ‘८’, कुठे ‘८ जीबी’, कुठे ‘डीडीआर३ असावी’ आणि एका ओळीत नुसतंच ‘वाढवली आहे’.

शेकडो मशिनं, चार-पाच कंपन्यांची, काही जोडून घेतलेलीही. प्रत्येक टेबलाशी जाऊन मशीन उघडून बघणं शक्य नव्हतं आणि गरजही नव्हती. डेस्कटॉपला स्वतःबद्दल बरंच काही सांगता येतं, फक्त विचारणाऱ्याला कुठे विचारायचं ते माहीत हवं. १९९२ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन डेस्कटॉप मॅनेजमेंट टास्क फोर्स, म्हणजे डीएमटीएफ, स्थापन केली ती याचसाठी. त्याआधी प्रत्येक कार्डाची, प्रत्येक बोर्डाची माहिती काढायची रीत ज्याची त्याची होती. या मंडळींनी आणलेली पहिली मांडणी म्हणजे डीएमआय, डेस्कटॉप मॅनेजमेंट इंटरफेस. ती आता कुणी वापरत नाही. २००५ मध्ये तिला रीतसर निरोप दिला गेला. पण तिच्या खुणा प्रत्येक डेस्कटॉपमध्ये आहेत, आणि माझं सगळं काम त्या खुणांवरच झालं.

सुरुवात एकाच मशीनपासून केली. लिनक्सची पेनड्राइव्ह लावून ते चालू केलं आणि ‘डीएमआयडीकोड’ हे साधन चालवलं. नावात अजून डीएमआय असलं तरी हे वाचतं एसएमबायोसची तक्ती; एसएमबायोस म्हणजे मशीनमधल्या भागांची माहिती ठरलेल्या साच्यात मांडायचं मानक. चालू होतानाच फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच असलेलं मूळ सॉफ्टवेअर, ही तक्ती मेमरीत मांडून ठेवतं. जुन्या मशिनांत ती शोधायला एफ०००० या पत्त्यापासून पुढच्या ६४ किलोबाइटांत ‘_एसएम_’ ही खूण हुडकावी लागते. यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी, असेल तर तिचा पत्ता फर्मवेअरच हातात देतं. तक्तीत एकापाठोपाठ एक नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीला प्रकार क्रमांक असतो. प्रकार ० म्हणजे बायोस, १ म्हणजे अख्खी प्रणाली, २ मदरबोर्ड, ३ पेटी, ४ प्रोसेसर, १७ म्हणजे मेमरीचा एकेक स्लॉट, आणि १२७ आला की तक्ती संपली. नोंदीच्या सुरुवातीला चार बाइट: एक प्रकाराचा, एक लांबीचा, दोन त्या नोंदीच्या ओळखक्रमांकाचे. मजकूर मात्र नोंदीत नसतो, तो तिच्या शेपटीला लावलेला असतो आणि नोंदीत फक्त ‘दुसरा मजकूर बघा’ असा आकडा असतो.

हे इतक्या तपशिलात बघायची गरज काय, असं माझ्यासोबत काम करणाऱ्या नव्या मुलाने विचारलं. “मॅडम, पॉवरशेलमध्ये एका ओळीत येतं की हे सगळं.” येतं, खरं आहे. पण ती ओळ जेव्हा खोटं सांगते तेव्हा खोटं कुठल्या मजल्यावर शिरलं, फर्मवेअरमध्ये की विंडोजमध्ये की आपल्या स्क्रिप्टमध्ये, हे खालचा मजला पाहिल्याशिवाय कळत नाही. पुढे त्यालाच याचा उपयोग झाला.

पुढचं पाऊल नेटवर्कवरून विचारण्याचं. विंडोजमध्ये ही माहिती डब्ल्यूएमआयमधून, म्हणजे विंडोजच्या व्यवस्थापनासाठीच्या सोयीतून, मिळते आणि डब्ल्यूएमआय उभं आहे डीएमटीएफच्याच सिम या नमुन्यावर, म्हणजे कॉमन इन्फर्मेशन मॉडेलवर. डीएमआयच्या काळात प्रत्येक घटकाची एक एमआयएफ फाइल असायची, साधा मजकूर, त्यात गट आणि गटांत गुणधर्म. मेमरीची एक फाइल, नेटवर्क कार्डाची दुसरी, आणि एकीचा दुसरीशी संबंध काय ते फाइलला ठाऊक नसे. सिमने ते पालटलं. तिथे वर्ग आहेत, वर्गांचे उपवर्ग आहेत आणि दोन वस्तूंमधलं नातं हीसुद्धा स्वतंत्र वस्तू आहे. त्यामुळे ‘सिम_फिजिकलमेमरी’ मागितली तरी विंडोज आपली ‘विन३२_फिजिकलमेमरी’ पुढे करतं, कारण दुसरी पहिलीची लेक आहे. मला हा नमुना मनापासून आवडतो. तो जड आहे, त्याचं दस्तऐवजीकरण वाचताना झोप येते, पण रचणाऱ्यांनी विचार केलेला दिसतो.

विचारण्याचे रस्ते दोन. जुना रस्ता डीसीओएमचा, म्हणजे दूरच्या मशीनवरच्या प्रोग्रामशी बोलायच्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीचा: १३५ नंबरच्या पोर्टवर दार ठोठवायचं आणि मग आतून जो कुठला वरचा पोर्ट सांगतील तिथे जायचं. फायरवॉल सांभाळणाऱ्या माणसाला हे ऐकूनच घाम फुटतो. त्यात २०२१ मध्ये डीसीओएममधल्या एका कमकुवतपणावर उपाय आला आणि मार्च २०२३ पासून तो बंद करण्याची सोयही उरली नाही. जुनी, नीट ओळख न पटवणारी साधनं तेव्हापासून दाराबाहेरच. दुसरा रस्ता डब्ल्यूएस-मॅनेजमेंटचा. हेही डीएमटीएफचंच मानक, एचटीटीपीवरून चालणारं, पोर्ट ५९८५ किंवा एन्क्रिप्शनसह ५९८६. पॉवरशेलमधली ‘गेट-सिमइन्स्टन्स’ ही आज्ञा दूरच्या मशीनशी याच रस्त्याने बोलते. आम्ही हाच घेतला. अडचण एवढीच की साध्या विंडोजमध्ये ही सेवा मुळात बंद असते. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या मशिनांना एकदम लागू होणाऱ्या नियमांतून, ती चालू केली, फायरवॉलचा नियम फक्त आमच्या व्यवस्थापनाच्या सर्व्हरपुरता उघडला, आणि वाट बघत बसलो. पॉलिसी सगळीकडे पोचायला वेळ लागतो. काही मशिनं नेटवर्कला ‘पब्लिक’ समजून बसली होती, त्यांच्यावर नियम लागूच होईना. ती वेगळी दुरुस्त करावी लागली.

याच सुमारास जुन्या सर्व्हरवर एक स्क्रिप्ट सापडली, आमच्याआधीच्या कुणीतरी लिहिलेली, दर सोमवारी सकाळी चालणारी. सोमवारी मशिनं संथ होतात ही तक्रार इतकी जुनी होती की लोकांनी ती करणंही सोडलं होतं. स्क्रिप्ट ‘विन३२_प्रॉडक्ट’ या वर्गाला विचारत होती की कोणती सॉफ्टवेअर बसवली आहेत. हा वर्ग नुसती यादी देत नाही. यादी देता देता विंडोज इन्स्टॉलरने बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची तपासणी करतो आणि काही बिघडलेलं वाटलं तर दुरुस्तीही सुरू करतो. इव्हेंट लॉग उघडला तर १०३५ क्रमांकाच्या नोंदींचा ढीग. तीच यादी रजिस्ट्रीतल्या ‘अनइन्स्टॉल’ विभागातून, कुणाला धक्का न लावता, क्षणात मिळते. स्क्रिप्ट बंद केली. ‘आज नेट फास्ट केलंत का?’ अशी विचारणा दोन मजल्यांवरून आली. नेटचा काही संबंध नव्हता, पण मी हो म्हटलं.

मग माहिती यायला लागली आणि खरी करमणूक सुरू झाली.

मशीनचा सिरियल नंबर या रकान्यात बऱ्याच ठिकाणी आलं ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’, म्हणजे ‘हे मशीन बनवणाऱ्या कंपनीने भरावं’. दुसऱ्या काही ठिकाणी ‘डीफॉल्ट स्ट्रिंग’, आणि काही ठिकाणी निर्विकारपणे ‘सिस्टिम सिरियल नंबर’. म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याने मशीन जोडणाऱ्यासाठी रकाना मोकळा सोडला, जोडणाऱ्याने तो बघितलाही नाही, आणि वर्षानुवर्षं प्रत्येक प्रणाली तो मजकूर इमानेइतबारे पुढे पोचवत राहिली. यात मानकाची काडीचीही चूक नाही. एसएमबायोसने सांगितलं आहे की सिरियल नंबर प्रकार १ च्या नोंदीत अमुक जागी असेल. तो तिथे होताच. त्यात काय लिहायचं हे मानक सांगू शकत नाही, आणि ही गोष्ट मला वरिष्ठांना समजावताना सगळ्यात जड गेली. “सर, प्रमाणित आहे म्हणजे जागा प्रमाणित आहे, मजकूर नाही,” असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, “मग प्रमाणित कशाला म्हणायचं?” प्रश्न रास्त होता.

यूयूआयडीची कथा जास्त गंभीर. हा १२८ बिटांचा ओळखक्रमांक जगात एकमेव असावा अशी अपेक्षा, म्हणून आमच्या नोंदवहीत आम्ही त्यालाच मुख्य किल्ली केलं होतं. पहिल्या फेरीनंतर मशिनांची संख्या असायला हवी त्यापेक्षा कमी भरली. नव्या मुलाला वाटलं स्क्रिप्ट काही मशिनं वगळतेय. त्याने त्यातल्या दोन मशिनांची तक्ती डीएमआयडीकोडने काढून शेजारी शेजारी ठेवली तेव्हा कळलं की दोघांचाही क्रमांक ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९. आकड्यांची चढती शिडी बघूनच कळतं की हा कुणी तरी नमुना म्हणून ठेवलेला आकडा आहे. तो अनेक बोर्डांवर तसाच बाहेर पडला आहे, आणि नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम बसवणाऱ्या लोकांना तो चांगलाच ओळखीचा आहे. मानकात सगळे शून्य म्हणजे ‘क्रमांक नाही’ आणि सगळे एफ म्हणजे ‘क्रमांक अजून दिलेला नाही’ अशी सोय आहे. हा मात्र तिसराच, खरा वाटणारा खोटा.

यूयूआयडीचा आणखी एक घोळ बाइटांच्या क्रमाचा. एसएमबायोस २.६ पासून असं ठरलं की पहिले तीन भाग उलट्या बाइटक्रमाने साठवलेले मानायचे. जुनं साधन आणि नवं साधन एकाच मशीनचे दोन वेगळे क्रमांक दाखवू शकतात. नीट बघितलं तर पहिली आठ बाइट आलटून पालटून, शेवटची आठ तंतोतंत तीच. आमच्याकडे जुन्या यादीशी जुळवताना हे दिसलं. शेवटी किल्ली म्हणून यूयूआयडी, बोर्डाचा सिरियल नंबर आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता अशी तिघांची जुळणी वापरली. सुंदर नाही, पण चालते.

मेमरीकडे येते, कारण सगळ्यात जास्त डोकं तिनेच खाल्लं. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता की ज्या मशिनांना मेमरी वाढवून काही वर्षं काढता येतील त्यांना कोणत्या जातीची मेमरी लागेल. ‘विन३२_फिजिकलमेमरी’मध्ये ‘मेमरीटाइप’ नावाचा गुणधर्म आहे. आमच्या बहुतेक मशिनांवर त्याने उत्तर दिलं: ०, म्हणजे अज्ञात. सिमच्या त्या यादीत नव्या जाती वेळेवर भरल्या गेल्या नाहीत, म्हणून नवी मेमरी दिसली की तो हात वर करतो. त्याच वर्गात ‘एसएमबायोसमेमरीटाइप’ असा दुसरा गुणधर्म आहे. तो फर्मवेअरने दिलेला आकडा जसाच्या तसा पुढे करतो: २४ म्हणजे डीडीआर३, २६ म्हणजे डीडीआर४, ३४ म्हणजे डीडीआर५. भाषांतर करणाऱ्याचा शब्दसंग्रह अपुरा पडला तर मूळ मजकूर तसाच हातात ठेवलेला बरा, हे ज्याने ठरवलं त्याचे आभार.

मेमरीच्या आकाराचीही अशीच एक गंमत आहे. प्रकार १७ च्या नोंदीत आकारासाठी फक्त १६ बिट ठेवले होते, आणि त्यातलाही एक बिट आकडा किलोबाइटमध्ये आहे की मेगाबाइटमध्ये हे सांगण्यात खर्च होतो. एका पट्टीची मेमरी ३२ जीबीला पोचली तेव्हा जागा संपली. जुनी नोंद मोडून चालणार नव्हतं, कारण ती वाचणारी साधनं जगभर पसरलेली. म्हणून ठरवलं की जुन्या जागी ७एफएफएफ हा आकडा दिसला तर खरा आकार नोंदीच्या शेवटी जोडलेल्या नव्या ३२ बिटांच्या जागेत बघायचा. एसएमबायोसची सगळी वाढ अशीच झाली आहे. जुनं हलवायचं नाही, नवं शेपटीला जोडायचं. नोंदीच्या डोक्यावर तिची लांबी लिहिलेली असते ती याचसाठी. जुन्या वाचकाने ओळखीचं तेवढं वाचावं आणि पुढच्या नोंदीवर उडी मारावी.

मॉनिटर मात्र या तक्तीत नसतात. ते स्वतःची ओळख ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीत केबलवरून पाठवतात. विंडोजमध्ये ती ‘डब्ल्यूएमआयमॉनिटरआयडी’मधून मिळते, पण नाव आणि सिरियल नंबर अक्षरांऐवजी आकड्यांच्या माळेत येतात, ते जोडून घ्यावे लागतात. टीपीएमचा, म्हणजे विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षेच्या घटकाचा, वर्गही वेगळ्या कप्प्यात आहे आणि प्रशासकाच्या हक्कांशिवाय उघडत नाही. बऱ्याच मशिनांवर टीपीएम ‘नाही’ असं उत्तर आलं, पण त्यातल्या पुष्कळ ठिकाणी ते प्रोसेसरमध्ये होतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं. त्यांना बदलायच्या यादीतून बाहेर काढलं.

पेटीचा प्रकार हा रकाना मी सहज म्हणून मागवला होता. ३ म्हणजे डेस्कटॉप, १० म्हणजे नोटबुक, १३ म्हणजे ऑल-इन-वन, ३५ म्हणजे मिनी पीसी. एका खोलीतले सगळे डेस्कटॉप स्वतःला नोटबुक म्हणवत होते. त्यांना पॉवर वाचवण्याची लॅपटॉपची पॉलिसी लागू होत होती आणि म्हणूनच ते सारखे झोपी जात होते. त्या खोलीतल्या लोकांनी माउस हलवत राहायची सवय लावून घेतली होती.

जमलेल्या माहितीत स्थानिक मालमत्ता क्रमांक कुठेच नव्हता. त्यासाठी एसएमबायोसच्या प्रकार ३ मध्ये ‘ॲसेट टॅग’ हा रकाना आहे, वापरणाऱ्या संस्थेने भरावा म्हणूनच ठेवलेला. वाचायची रीत सगळीकडे सारखी, लिहायची मात्र प्रत्येक उत्पादकाची वेगळी: कुणाची आज्ञावली, कुणाचा बायोसमधला पडदा, कुणाचा स्वतःचा डब्ल्यूएमआय वर्ग. उत्पादकनिहाय स्क्रिप्टा केल्या. ज्यांना लिहिताच येत नव्हतं त्यांच्यावर स्टिकर, आणि सर्व्हरवर बोर्डाच्या सिरियलशी जोडलेली एक नोंद. ती नोंद मुख्य यादीत घालताना आमच्या व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरने कोणती फाइल मागावी? नोआयडीएमआयएफ. डीएमआयची एमआयएफ फाइल, तोच गट-गुणधर्मांचा साधा मजकूर. मूळ मानक जाऊन इतकी वर्षं झाली, फाइलचा प्रकार मागे राहिला. नव्या मुलाने ती नोटपॅडमध्ये उघडून बघितली आणि म्हणाला, “हे तर वाचता येतंय!” वाचता यावं म्हणूनच तशी केली होती.

यादी झाल्यावर उरलं बंद मशिनांचं. आतापर्यंतचं सगळं काम विंडोज जागं असेल तरच चालतं. मशीन बंद असेल, किंवा विंडोज निळ्या पडद्यावर अडकलं असेल, तर डब्ल्यूएमआय गप्प. रात्री अपडेट द्यायचे म्हणून आम्ही वेक-ऑन-लॅन वापरत होतो: सहा वेळा एफएफ आणि मग मॅक पत्ता सोळा वेळा, असं पाकीट पाठवायचं आणि मशीन उठलं असेल असं समजायचं. उलट उत्तर कधीच येत नाही. डीएमटीएफचं यावरचं उत्तर म्हणजे डॅश. त्यात नेटवर्क कार्ड आणि फर्मवेअर मिळून, ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता, ६२३ आणि ६६४ या पोर्टांवर डब्ल्यूएस-मॅनेजमेंटमध्येच बोलतात. बोलायचे विषय सिमचेच, म्हणजे वर शिकलेलं वाया जात नाही. चालू करा, बंद करा, पुढच्या वेळी नेटवर्कवरून बूट व्हा, कोणती मेमरी आहे सांगा. एएमडीच्या कार्यालयीन मशिनांत बहुधा डॅश सापडतं. इंटेलच्या व्हीप्रो, म्हणजे कार्यालयांसाठीच्या, मशिनांत त्याच कामाचं एएमटी, १६९९२ आणि १६९९३ या पोर्टांवर.

ते चालू करणं हे वेगळंच प्रकरण. एएमटीच्या सेटअपचा मूळ पासवर्ड ‘ॲडमिन’ असतो आणि पहिल्यांदा आत गेलं की तो बदलावाच लागतो. कुणी आत गेलंच नसेल तर तो तसाच उघडा राहतो, त्यामुळे ‘आम्हाला हे नको’ म्हणणाऱ्यांनीही एकदा तिथे जायला हवं. विंडोजमधून सेवा चालू केली तर मशीन क्लायंट कंट्रोल मोडमध्ये, म्हणजे मर्यादित ताब्यात, जातं आणि दूरचा पडदा बघायचा असेल तर समोर बसलेल्या माणसाला सहा आकडी कोड दिसतो, तो त्याने वाचून सांगायचा. पूर्ण ताबा हवा तर त्यासाठीचं खास प्रमाणपत्र घ्या किंवा प्रत्येक मशीनसमोर जाऊन उभे राहा.

माझ्या वरिष्ठांना पूर्ण ताबा हवा होता. मी क्लायंट मोडच्या बाजूने होते आणि अजून आहे. बंद पडलेलं मशीन उठवायला कोड लागत नाही, कोड लागतो तो पडदा बघायला, आणि कुणाचा पडदा बघताना त्याला विचारणं मला अडचण वाटत नाही. रिकाम्या खोल्यांमधल्या, कुणाच्याच नावावर नसलेल्या मशिनांसाठी प्रमाणपत्र घेऊन पूर्ण ताबा ठेवला, बाकी सगळी कोडवर. डॅश आणि एएमटी दोन्ही नसलेली मशिनं अजून बरीच आहेत. ती बदलली जाईपर्यंत रात्री त्यांना ते सोळा पत्त्यांचं पाकीटच पाठवतो आणि कोण उठलं ते सकाळी यादीत बघतो.